शेततळ्याचं पोहण्याचं तळं करताना: हिरव्या पाण्याचं एक प्रकरण

पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढे, एका कुटुंबाची सव्वा एकर जमीन आहे. माळाचा उतार, वर हातभर माती आणि खाली मुरूम. काका-काकू रिटायर झाल्यावर पुण्यातला फ्लॅट मुलाला देऊन तिकडेच राहायला गेले. जमिनीच्या मधोमध आधीच्या मालकाने केलेलं शेततळं होतं, पंधरा बाय पंधरा मीटर, तीन मीटर खोल, सरकारी मापाचं, आत काळा प्लास्टिकचा कागद. शेती करायचीच नव्हती त्यामुळे ते नुसतं पडून होतं आणि नातवंडं शनिवार-रविवारी आली की काकू त्या दिशेला कोणाला जाऊही द्यायच्या नाहीत. बरोबरच होतं त्यांचं. कागदाचं शेततळं म्हणजे सरळ मरणाचा सापळा असतो, एकास एक उतार आणि त्यावर ओला, शेवाळलेला प्लास्टिक, पट्टीचा पोहणाराही एकदा आत गेला की हाताला धरायला काही मिळत नाही. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात आणि बहुतेक वेळा त्यात लहान मुलंच असतात.

काकांच्या भाच्याने जर्मनीत राहताना तिथली क्लोरीन नसलेली पोहण्याची तळी पाहिली होती. अर्ध्या भागात माणसं पोहतात, अर्ध्या भागात पाणवनस्पती, आणि पाणी त्या वनस्पतींमधून आणि खडीतून फिरत राहून स्वच्छ होतं. ऑस्ट्रियात १९८० च्या दशकात हे सुरू झालं, मग जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये पसरलं, आता तिकडे गावंच्या गावं असे सार्वजनिक तलाव चालवतात. तर मग आपलं शेततळं आहेच, खोदाई झालेली आहे, त्याचंच असं तळं का करू नये, असा विचार झाला. एक गार्डन काँट्रॅक्टर मिळाला, हिवाळ्यात जेसीबी लागला आणि फेब्रुवारीत पाणी भरलं.

मी सांडपाण्याच्या वनस्पती-गाळणीचं काम करते. सप्टेंबरात त्यांनी मला बोलावलं तेव्हा त्या तळ्याचं पाणी मटारच्या उसळीसारखं झालं होतं. पुढे जे केलं ते सविस्तर लिहितेय कारण हा प्रश्न आता बऱ्याच फार्महाऊसवाल्यांना येणार आहे, आणि आपल्याकडे मिळणारी बहुतेक माहिती थंड देशांतली आहे, तिथे सोसाट्याचा वळीव येत नाही.

आधी जे चांगलं झालं होतं ते सांगते, कारण त्या काँट्रॅक्टरचं बरंचसं काम नीट होतं. त्याने शेततळ्याचा तळ मुरूम भरून, रोलरने दाबून वर आणला होता. मधला पोहण्याचा भाग साधारण दहा बाय सात मीटर, खोली पावणेदोन मीटर, आणि चारही बाजूंना वनस्पतींसाठी पायऱ्या-पायऱ्यांचे उथळ कप्पे, काही वीतभर पाण्याचे, काही दोन फुटांचे. एकूण पाणी साधारण दोन लाख लिटर. वनस्पतींचा भाग पोहण्याच्या भागापेक्षा मोठा होता, आणि आपल्या हवेत तो तसाच असायला हवा. जुना कागद काढून नवा टाकला होता, खाली जिओटेक्स्टाईलचं जाड कापड, म्हणजे मुरमाचे खडे टोचायला नकोत. दोन भागांच्या मधे धुतलेली कच भरलेल्या पोत्यांची बुटकी भिंत, तिचा माथा पाण्याखाली फूटभर, म्हणजे पाणी इकडून तिकडे जातं पण खडी सरकत नाही. आत उतरायला काळ्या दगडाच्या खडबडीत पायऱ्या. एक छोटा पंप, तासाला आठ-नऊ हजार लिटरचा, तो पोहण्याच्या भागातलं पाणी उचलून खडीच्या कप्प्याखाली सोडायचा आणि ते खडीतून वर झिरपत परत यायचं. उचल जेमतेम दोन-अडीच फूट असल्यामुळे शंभर-सव्वाशे वॉटमध्ये काम भागतं आणि दिवसभरात जवळपास सगळं पाणी एकदा फिरतं. हे सगळं ठीक.

फेब्रुवारी-मार्चमध्ये लागवड झाली. एप्रिल-मेमध्ये कडेने धागेदार शेवाळ आलं, पाणी मात्र आरपार दिसायचं, नातवंडं पूर्ण सुट्टी त्यात होती. मग जूनच्या सुरुवातीला वळवाचे दोन दणदणीत पाऊस झाले, आठवड्याभरात पाण्याला हिरवट झाक आली, जुलैअखेर पायरीची दुसरी फरशी दिसेना, आणि गणपतीला आलेल्या पाहुण्यांना काकांनी तळं दाखवलंसुद्धा नाही.

सल्ले तर ढीगभर आले होते. कोणी म्हणालं टीसीएल टाका, कोणी म्हणालं मोरचूद पोत्यात बांधून फिरवा, कोणी तुरटी सांगितली, एकाने तर जलपर्णी आणून सोडा, ती सगळं शोषून घेते असं सांगितलं. यातला प्रत्येक सल्ला कुठेतरी कोणाला तरी उपयोगी पडलेला असतो म्हणून तो फिरत राहतो, पण इथे का चालत नाही ते समजून घ्यायला हवं. टीसीएल म्हणजे क्लोरीन, त्याने शेवाळाबरोबर खडीवरचा जिवाणूंचा बुळबुळीत थरही मरतो आणि पाणी साफ करणारं खरं यंत्र तर तो थरच आहे. मोरचुदाने शेवाळ मरतं हे खरं, पण मेलेलं शेवाळ तळाशी कुजतं आणि त्यातलं सगळं खाद्य परत पाण्यात येतं, तीन-चार आठवड्यांत पुन्हा हिरवं, शिवाय तांबं गाळात साचत जातं आणि गोगलगायी, बेडकांची पिल्लं त्याने मरतात. तुरटी फॉस्फरसला, म्हणजे शेवाळाच्या मुख्य खाद्याला, धरून खाली बसवते, ते शास्त्र पक्कं आहे, पण वरून नवा फॉस्फरस येतच असेल तर दर पावसानंतर तुरटी टाकत बसायचं का? जलपर्णीबद्दल काय बोलायचं, मुळा-मुठा आणि उजनीच्या काठी राहणाऱ्या माणसाला विचारा.

मी गेल्यावर पहिलं काम केलं ते काचेच्या बरणीचं. लोणच्याची स्वच्छ बरणी तळ्याच्या मधून भरून घेतली आणि काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून दिली. गढूळपणा मातीचा असेल तर बऱ्यापैकी खाली बसतो आणि वर पाणी निवळतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही बरणी तशीच हिरवी, एकसारखी, खाली पुसटसा थर. म्हणजे हे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ. पृष्ठभागावर रंग सांडल्यासारखा निळसर-हिरवा तवंग आणि कुबट वास असता तर गोष्ट वेगळी होती, ते नीलहरित शेवाळ विषारी असू शकतं, त्यात माणसानेच काय कुत्र्यानेही उतरू नये. तसा तवंग नव्हता. तरी पोहणं बंदच ठेवायला सांगितलं, कारण तळ दिसत नसलेल्या पाण्यात मूल बुडालं तर ते कोणाला दिसणारच नाही. माझ्या दृष्टीने हिरव्या पाण्याचा सगळ्यात मोठा धोका हाच आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला पाहिजे. पहिल्या वर्षी धागेदार शेवाळ येणं आणि पाणी स्वच्छ असणं हे चालतं, वनस्पतींची मुळं अजून पसरलेली नसतात, तोवर कोणीतरी ते खाद्य खाणारच, ते शेवाळ दाताळ्याने ओढून बाहेर काढलं की त्याच्याबरोबर खाद्यही बाहेर जातं. उलट फुकटचा मजूर आहे तो. अख्खं पाणी हिरवं होणं म्हणजे मात्र खाद्य हाताबाहेर गेलंय.

आता हे खाद्य म्हणजे मुख्यतः फॉस्फरस. नत्र हवेतूनही येऊ शकतो, फॉस्फरस तसा येत नाही, तो कुठून तरी वाहून, पडून, टाकूनच यावा लागतो, म्हणून त्याची नाकेबंदी करता येते. युरोपातल्या अशा तळ्यांसाठी जे मार्गदर्शक आकडे वापरतात त्यात लिटरला १० मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा धरतात. कागदावर हा आकडा काहीच वाटत नाही. मी काकांबरोबर ओट्यावर बसून हिशोब मांडला. दोन लाख लिटर पाणी, लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे अख्ख्या तळ्यात मिळून दोन ग्रॅम फॉस्फरस. दोन ग्रॅम! आपल्याकडे सगळीकडे वापरतात ते १०:२६:२६ खत घ्या, त्यात २६ टक्के जे असतं ते फॉस्फरसचं ऑक्साईड, शुद्ध फॉस्फरस त्यातला ११ टक्के भरतो. म्हणजे ते खत १८ ग्रॅम, दोन-तीन चमचे, एवढं विरघळून आलं की तळ्याची मर्यादा संपली. शेणखताचं एक भरलेलं घमेलं धरा दहा किलोचं, त्यात साधारण दहा ग्रॅम फॉस्फरस असतो, सगळा एकदम सुटत नाही पण सुटतोच. मोठा माणूस दिवसभरात लघवीतून अर्धा ते एक ग्रॅम फॉस्फरस टाकतो, म्हणून पोहण्याआधी बाथरूमला जाऊन मगच पाण्यात, हा नियम मुलांना पहिल्या दिवसापासून हवा. हा हिशोब झाल्यावर काका बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, "म्हणजे आपण पाणी साफ करायच्या मागे लागलोय, आणि खरं काम दारावर पहारा द्यायचं आहे."

अगदी तेच. शेततळं आणि पोहण्याचं तळं या दोन उलट्या गोष्टी आहेत. शेततळं चांगलं कोणतं, तर ज्याला वरच्या रानाचं जास्तीत जास्त पाणी मिळतं. ते ओघळीच्या तोंडाशीच खोदतात. पोहण्याच्या तळ्यात रानाचं पाणी एक थेंबही यायला नको. म्हणून शेततळ्याचं तळं करताना जागा तीच राहिली तरी पाण्याची वाट बंद करावीच लागते, आणि इथे नेमकं तेच झालं नव्हतं.

पाऊस चालू असताना वर चालत गेले की सगळं दिसतं, म्हणून एका संध्याकाळी सर आली तशी छत्री घेऊन आम्ही बांधाच्या वरच्या बाजूला गेलो. वर शेजाऱ्यांची सीताफळाची बाग. पाऊस सुरू होताना ते लोक खोडाभोवती आळ्यात शेणखत आणि मिश्रखत देतात, सगळेच देतात, त्यात गैर काही नाही. पण त्या बागेतून निघणारी जुनी ओघळ तशीच खाली उतरून तळ्याच्या वायव्य कोपऱ्याला येत होती आणि तिथे काँट्रॅक्टरने गोल दगड रचून धबधब्यासारखा देखावा केला होता. दिसायला फार छान. चहाच्या रंगाचं पाणी त्या दगडांवरून थेट वनस्पतींच्या कप्प्यात पडत होतं. वळवाच्या पहिल्या दोन पावसांत बागेतलं काय काय त्या वाटेने आलं असेल याचा अंदाज वरच्या हिशोबावरून येतो.

दुसरी गळती आतच होती. कुमुदाच्या एका टोपलीत हात घालून मी मुळाशी चाचपलं तर खडीऐवजी काळा चिखल, बाहेर काढला तर कुजक्या अंड्याचा वास. माळ्याने प्रत्येक टोपलीत लाल माती आणि शेणखत अर्धं-अर्धं भरलं होतं. त्याला विचारलं तर तो मनापासून म्हणाला, "अवो ताई, खत न्हाई घातलं तर झाड जगंल कसं?" प्रश्न रास्त आहे, आयुष्यभर झाडं वाढवलेल्या माणसाला उपाशी ठेवायचं झाड ही कल्पनाच पटत नाही. त्याला मी समजावलं की ही झाडं आपण फुलांसाठी लावलेली नाहीत, ती भुकेली राहिली तरच पाण्यातलं खातील, जेवून आलेला माणूस आपल्या पंक्तीला काय जेवणार. ते त्याला लगेच पटलं आणि पुढचं सगळं काम त्यानेच सगळ्यात मन लावून केलं.

तिसरी गोष्ट मासे. मुलांच्या हौसेखातर रंगीत कोई सोडले होते आणि सकाळ-संध्याकाळ गोळ्यांचं खाद्य पडत होतं. खाद्य म्हणजे बाहेरून आलेला फॉस्फरस, शिवाय कोई तळ उकरतात, आणि हिरवं शेवाळ खाणारे जे सूक्ष्म जीव असतात, पाणपिसू वगैरे, त्यांना मासे खाऊन टाकतात. कोईचं तळं आणि पोहण्याचं तळं एकत्र होत नाही. कोई एका ओळखीच्यांच्या टाकीत गेले, धाकटी नात दोन दिवस रुसली होती.

ऑक्टोबरात दुरुस्ती सुरू झाली. वरच्या बांधाच्या आतल्या बाजूने, तळ्यापासून पाच-सहा मीटर लांब, उताराला आडवा चर खणला, दीड फूट खोल, त्याला पूर्वेकडे हलका ढाळ. चराच्या खालच्या काठावर वाळ्याची दाट रांग लावली, तिची मुळं सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात, शिवाय ती गुरं फारशी खात नाहीत. चराचं पाणी दुसऱ्याच्या रानात सोडता येत नाही, भांडणं तिथूनच सुरू होतात, म्हणून ते काकांच्याच जमिनीतल्या आठ-दहा सीताफळांच्या मधे उथळ खड्ड्यात नेऊन सोडलं. तिथे ते मुरतं, फॉस्फरस मातीला चिकटून राहतो, झाडांनाच मिळतो. तळ्याचा काठ चारी बाजूंनी वीतभर उंच केला आणि बाहेरच्या जमिनीचा उतार तळ्यापासून लांब जाईल असा काढला. धबधब्याचे दगड ठेवले, पण आता त्यावर पंपाचं फिरतं पाणी येतं, रानाचं नाही. जास्तीच्या पावसासाठी सांडवा आधीचाच होता, त्याच्या तोंडाला बारीक जाळी बसवली.

टोपल्यांमधला चिखल सगळा काढला आणि त्याजागी १० ते २० मिलिमीटरची काळी खडी, पण धुतलेली. खडी धुणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. क्रशरवरून येणाऱ्या खडीवर बारीक पूड असते, ती न धुता टाकली तर पाणी महिनोन्महिने राखाडी राहतं आणि खडीच्या फटी बुजून पाणी झिरपणंच थांबतं. पाटीत घेऊन, होज मारून, घमेल्यातलं पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायची, दुसरा मार्ग नाही.

वनस्पतींचं सांगते. इथे जे टिकलं आणि ज्याने काम केलं ते बहुतेक आपल्या ओढ्या-तळ्यांच्या काठचंच. उथळ कप्प्यात वेखंड, लव्हाळ्याचे दोन-तीन प्रकार, कर्दळ, आणि काठालगत ब्राह्मी, ती तर खडीवरून गालिच्यासारखी पसरते आणि काठाचा कागद झाकून टाकते. पाणकणीस थोडंच ठेवलं, कारण ते एकदा शिरलं की बाकीच्यांना जागा देत नाही. दोन फुटांच्या कप्प्यात कुमुद, त्याची पानं पाण्यावर सावली धरतात, उन्हाळ्यात त्याचा फार उपयोग. पण माझ्या मते खरं काम करतात त्या पाण्याखालच्या वनस्पती, हायड्रिला, वॅलिसनेरिया, सेराटोफिलम. दिसायला काही नाही, फोटोत येत नाहीत, म्हणून काँट्रॅक्टर त्या लावतच नाहीत, पण त्या पानांमधूनही पाण्यातलं खाद्य घेतात आणि दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतात. आपल्याकडे हा प्राणवायूचा मुद्दा जास्त गंभीर आहे, २० अंशाच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमपर्यंत प्राणवायू विरघळतो तर ३० अंशाला साडेसातच्या आसपास, आणि मे महिन्यात पहाटे तो सगळ्यात कमी असतो. म्हणून पंप रात्री बंद करायचा नाही, उलट करायचाच झाला तर दिवसा करा. बोरू आणि बांबू मात्र कागदाच्या जवळपासही नको, त्यांचे कोंब प्लास्टिक फोडून वर येतात.

आणि कापणी. लोक लागवड करतात आणि विसरतात. वनस्पतीने खाल्लेला फॉस्फरस तिच्या पानात असतो, ते पान वाळून पाण्यात पडलं की सगळं परत. युरोपात थंडीत झाडं झोपतात त्यामुळे तिथे वर्षातून एकदा कापून भागतं, आपल्याकडे बाराही महिने वाढ चालू असते, हा आपला मोठा फायदा आहे पण तो घ्यायचा असेल तर दीड-दोन महिन्यांनी कापून बाहेर काढावं लागतं. तो सगळा पाला काकांच्या सीताफळांच्या बुडाशी जातो. माळी आता स्वतःच मला फोन करून सांगतो की यंदा त्या झाडांना खत लागलं नाही.

डासांचा प्रश्न सगळे विचारतात. डेंग्यूचा डास मुख्यतः घरातल्या टाक्या, ड्रम, कुंड्यांखालच्या बशा अशा साठ्यांत अंडी घालतो, त्यामुळे तळ्याआधी ते बघा. बाकीचे डास तळ्याच्या शांत कोपऱ्यात होतात. फिरत्या पाण्यात कमी, आणि वर्षभरात चतुर आले की त्यांच्या पाण्यातल्या पिल्लांनी अळ्यांचा फडशा पाडला. चतुरांना काठाची उभी पाती लागतात, वेखंडावर त्यांची कात लटकलेली दिसते. आरोग्य खात्याकडून गप्पी मासे मिळतात, बंद हौदात ते उत्तम, पण इथे सांडव्यातून ते ओढ्यात जाऊन तिथल्या देशी माशांना त्रास देणार, म्हणून सोडले नाहीत. काकूंना मोठी भीती सापांची होती. पाण्यात येतो तो बहुतेक वेळा विरोळा, बेडकांच्या मागे येतो, बिनविषारी आहे, चिडला तर चावतो मात्र जोरात. काठावर गवत वाढू द्यायचं नाही आणि संध्याकाळनंतर टॉर्चशिवाय जायचं नाही, एवढं पाळलं की पुरतं.

आरोग्याबद्दल मी कोणालाच गुळमुळीत बोलत नाही. हे पाणी निर्जंतुक नसतं, कधीच नसणार. घरचीच माणसं, मोजकी, निरोगी, जखम नसलेली, अंघोळ करून, तेल-सनस्क्रीन धुऊन उतरणारी, असंच हे चालतं. पाण्यात विष्ठा मिसळली आहे का ते काही जिवाणूंवरून मोजतात. युरोपातल्या मार्गदर्शकात १०० मिलिलिटरला ई-कोलाय १०० च्या आत आणि एन्टरोकोकाय ५० च्या आत लागतात, आपल्या प्रदूषण मंडळाच्या निकषात उघड्यावरच्या अंघोळीच्या पाण्यात एकूण कोलिफॉर्म ५०० च्या आत धरतात. गावात पिण्याचं पाणी तपासायला मिळणारी, दूषित पाण्याने काळी पडणारी बाटली इथे उपयोगाची नाही, ती जिवाणू फक्त आहेत की नाहीत एवढंच सांगते आणि तळ्यात ते असणारच, आकडा सांगणारी चाचणी शहरातल्या लॅबमधूनच करून घ्यावी लागते. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीतून येणाऱ्या लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका, म्हणून मोठ्या पावसानंतर काही दिवस पोहणं बंद. आणि केरळात २०२४ मध्ये गोड्या पाण्यातल्या अमीबाने मुलं दगावली, तो अमीबा कोमट पाण्यात वाढतो आणि नाकातून शिरतो. फार दुर्मिळ आहे, पण झाला तर बहुतेक कोणी वाचत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशाच्या वर गेलं की मुलांनी उडी मारायची नाही, डोकं बुडवायचं नाही, तळाचा गाळ ढवळायचा नाही, नाकाला क्लिप. काकांनी पायरीजवळ थर्मामीटर बांधून ठेवलाय.

तळ्याला चार फुटी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक हवं. हे सुरुवातीला नव्हतं, देखावा बिघडतो म्हणून. मी काम हातात घेतलं तेच या अटीवर. पोहण्याच्या भागाभोवती फुगे ओवलेली दोरी, काठावर ट्यूब, आणि पंप पाण्याबाहेर कोरड्या चेंबरमध्ये, त्याच्या लाईनवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. २३० व्होल्टचा पंप पाण्यात बुडवून त्याच पाण्यात मुलांना सोडणारे लोक मी पाहिलेत.

राहिला उन्हाळ्याचा प्रश्न, आणि तो पुरंदरसारख्या कमी पावसाच्या भागात सोपा नाही. दोनशे पंचवीस चौरस मीटरचं उघडं पाणी, मे महिन्यात दिवसाला सहा-सात मिलिमीटर उडतं, म्हणजे रोज दीड हजार लिटर, महिन्याला पंचेचाळीस हजार. पहिल्या वर्षी ते बोअरचं भरलं होतं. बोअरचं पाणी नत्राचं आणि क्षारांचं असतं, पाणी उडतं पण क्षार मागे राहतात, दरवर्षी थोडं घट्ट होत जातं. म्हणून घराच्या दीडशे चौरस मीटर पत्र्याचं पाणी बंद टाकीत साठवायला घेतलं, पहिल्या दोन पावसांचं बाहेर सोडून, कारण त्यात पत्र्यावरची धूळ आणि पारव्यांची विष्ठा असते. पाचशे मिलिमीटर पावसातही साठ हजार लिटर हाताशी येतं. पूर्ण उन्हाळा त्यात निघत नाही, पण बोअरवरचा भार बराच उतरतो. ज्यांच्या गावात एप्रिलपासून टँकर येतो त्यांनी हे तळं करूच नये असं माझं मत आहे, आणि मी तशा दोन ठिकाणी नाही सांगितलंय.

पाणी लगेच साफ झालं नाही. ऑक्टोबरच्या उन्हात उलट अजून हिरवं झालं, काका अस्वस्थ, तुरटीचा विषय पुन्हा निघाला. डिसेंबरात धागेदार शेवाळ परत आलं तेव्हा मला हायसं वाटलं, कारण तरंगतं हिरवं हटून कडेला शेवाळ येणं म्हणजे गाडी उलटी फिरली. ते रोज सकाळी दाताळ्याने काढलं गेलं. फॉस्फरस इतक्या बारीक प्रमाणात मोजणारी लॅब जवळपास नव्हती, त्यामुळे मोजमाप साधं ठेवलं, स्टीलची पांढरी रंगवलेली ताटली दोरीला बांधून सोडायची आणि ती कुठे दिसेनाशी होते ते दोरीवरच्या गाठींवर बघायचं. सप्टेंबरात ती हातभर खाली गेली की गायब व्हायची. मार्चपर्यंत तळाला टेकलेली दिसायला लागली. खरी परीक्षा वळवाची होती, तो आला, चर तुडुंब भरून वाहिला, तळ्याच्या पाण्यात दोन दिवस किंचित गढूळपणा राहिला, तो आभाळातून आलेल्या धुळीचा, आणि निवळला.

सध्या एक काम बाकी आहे. दक्षिणेच्या काठाला दीड मीटरभर कागद अजून उघडा आहे, तिथे ब्राह्मी चढली नाही, आणि उन्हाने प्लास्टिक तिथूनच आधी तडकतं. पाणी खाली गेलं की एप्रिलच्या आत त्यावर जिओटेक्स्टाईल अंथरून दगडाचं पिचिंग, म्हणजे दगड रचून अस्तर, करायचं ठरलंय, दगड येऊन पडलेत.